शेवटच्या अंतऱ्यातले नाव

आवडीची गाणी एकमेकांना कळवण्याचा छंद आपल्या आखाती मंडळींत एप्रिल महिना जवळ आला की विशेष बहरतो. भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी सभागृह आणि परवानगी दोन्ही मिळाली, की कोणती गाणी सादर करावीत याची चर्चा सुरू होते आणि प्रत्येक कुटुंबाकडून एक यादी येते. या याद्या आम्ही मोठ्या उत्सुकतेने वाचतो. शारजाहून दुबईला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांना वाहनांच्या रांगेत जो वेळ सक्तीने काढावा लागतो, तो आमच्या बाबतीत याच गाण्यांच्या सोबतीने सुसह्य झाला आहे. म्हणून आमचीही यादी येथे देत आहोत. पण तिच्यासोबत एक तक्रारही आहे. आपल्या याद्यांत गाणे असते, बहुतेक वेळा गायकाचे नावही असते; ते गीत लिहिणाऱ्याचे नाव मात्र नसते.

आमच्या यादीत पहिले स्थान अर्थातच वामनदादा कर्डकांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १९२२ साली जन्मलेला हा माणूस मोलमजुरी करीत मुंबईत आला, प्रौढ वयात अक्षरे शिकला आणि २००४ साली निधन होईपर्यंत गात राहिला. त्यांची गीते पुढे अनेक नामवंतांनी गायिली, उत्तम वाद्यमेळासह गायिली. तरीही आम्हांला दादांच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रणेच अधिक जवळची वाटतात. त्यांत खरखर आहे, मागे कुणाचे तरी बोलणे ऐकू येते, आणि गाणारा माणूस आवाज लावण्यापेक्षा शब्द पोहोचवण्याची काळजी करतो आहे हे जाणवते.

दादांच्या कितीतरी गीतांत शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव येते. हा आत्मगौरवाचा प्रकार नव्हे. चोखोबांपासून तुकोबांपर्यंत संतांनी आणि त्यानंतर शाहिरांनीही पाळलेली ही नाममुद्रेची रीत आहे. ज्यांच्याजवळ छापखाना नव्हता, दप्तर नव्हते, हक्काची नोंद करून देणारी कचेरी नव्हती, त्यांनी आपली नोंद गाण्याच्या पोटातच करून ठेवली. गाणे ज्याच्या मुखी जाईल त्याच्या मुखी नावही जाईल, अशी ती व्यवस्था. दादांच्या एका संग्रहाचे नावच 'हे गीत वामनाचे' असे आहे. आमच्या संगणकी व्यवसायात यालाच मेटाडेटा म्हणतात, म्हणजे माहितीविषयीची माहिती. ती मूळ वस्तूपासून सुटी पडू नये म्हणून आम्ही अभियंते किती खटपटी करतो! आमच्या शाहिरांनी ती यमकात बांधून टाकली होती. यापेक्षा भक्कम रचना आम्हांला तरी ठाऊक नाही.

ती मोडली कशी, हे पाहण्याजोगे आहे. सलग वाजणाऱ्या तासाभराच्या 'नॉन-स्टॉप' संचात मुखडा आणि एखादा अंतरा घेतात, आणि ठेका न तोडता पुढच्या गाण्यात शिरतात. तीस सेकंदांच्या चित्रफितीत तर मुखडाच मावतो. कापला जातो तो नेहमी शेवटचा अंतरा. नेमका तोच, ज्यात नाव आहे.

या कहाणीत आपण राहतो त्या भूमीचाही एक धागा आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात आखातातून सुट्टीवर परतणाऱ्या कामगारांच्या सामानात 'टू-इन-वन' असायचाच. रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत. भारतात कॅसेटचे युग आले, त्याला आखाताच्या कमाईतून आलेल्या या यंत्रांचा मोठा हातभार लागला. त्याआधी तबकडी काढणे हे मोठ्या कंपनीच्या मर्जीवर होते. कॅसेटमुळे लहानसा व्यावसायिकही भीमगीतांचा संच काढू लागला. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, गोविंद म्हशिलकर, सुषमादेवी, वैशाली शिंदे यांचे आवाज वस्तीवस्तीत पोहोचले. कॅसेटच्या डबीतील कागदावर गायकाचे छायाचित्र ठळक आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत असे, पण असे. एका कॅसेटवरून दुसरी भरून घेतली, की तो कागद मागे राहायचा. कोऱ्या कॅसेटवर निळ्या शाईने एवढेच लिहिलेले असायचे: भीमगीते, भाग २.

पुढे ही गाणी संगणकात आली, आणि येथे आमच्याच व्यवसायबंधूंना जबाबदार धरावे लागते. एमपी-थ्री फाइलीला माहितीची चिठ्ठी जोडण्याची 'आयडी-थ्री' नावाची पद्धत १९९६ साली निघाली. फाइलीच्या शेवटी अवघ्या १२८ बाइटांची जागा. त्यात शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. गीतकारासाठी रकानाच नव्हता. संगीतप्रकारांची जी मूळ ८० नावे ठरवली होती, त्यांत पोल्का होता, ख्रिश्चन रॅपही होता. कव्वाली नव्हती, पोवाडा नव्हता. आपल्यासारख्यांसाठी 'एथ्निक' नावाची एक अडगळीची खोली तेवढी ठेवलेली होती. त्या चिठ्ठीत देवनागरी अक्षरांची सोय तर मुळीच नव्हती. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांच्या मनात आपल्याविषयी आकस असण्याचे कारण नाही; त्यांच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो, इतकेच. पुढच्या आवृत्त्यांत गीतकार आणि संगीतकार यांना स्वतंत्र रकाने मिळाले, देवनागरीचीही सोय झाली. आज रकाना आहे, तो भरणारा नाही.

यादी पुढे नेऊ. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आषाढीला उभा महाराष्ट्र ऐकतो. त्याच कंठातून निघालेली भीमगीते आणि कव्वाल्या मात्र ठरावीक वस्त्यांबाहेर फारशा गेल्या नाहीत. ऐकणाऱ्यांनी आवाज घेतला आणि अर्धा माणूस ठेवून दिला, असे आम्हांला नेहमी वाटते. आनंद व मिलिंद शिंदे आणि नंतर आदर्श शिंदे यांनी हा वारसा तिसऱ्या पिढीपर्यंत आणला, हे आमच्या मुलांना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते, कारण आदर्श शिंदे त्यांना चित्रपटांतून माहीत असतात. विठ्ठल उमप यांचे 'जांभूळ आख्यान' आमच्या यादीत वरच्या क्रमांकावर आहे. नायगावच्या वस्तीत वाढलेला हा लोकशाहीर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच, कोसळला आणि गेला. त्यांचे गाणे मुलांना ऐकवायचे असेल तर आधी दृश्य दाखवावे. त्यांचा निम्मा सूर चेहऱ्यात होता.

'जय भीम कॉम्रेड' हा आनंद पटवर्धन यांचा माहितीपट संगीताच्या यादीत का, असे कुणी विचारील. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. चौदा वर्षे खपून २०११ साली पूर्ण झालेल्या या चित्रपटात त्यांचा आवाज आहे आणि इतर अनेक वस्तीगायकांची गाणीही, कोण गाते आहे आणि कुठे गाते आहे यांसह आहेत. आमच्या दृष्टीने तो भीमगीतांचा सर्वांत विश्वसनीय अल्बम आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधील संभाजी भगत यांची गाणीही त्याच्या शेजारी ठेवावीत.

आमची मुले मात्र दुसरेच ऐकतात, आणि त्याबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला चेन्नईचा 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद जानेवारी २०१८ मध्ये प्रथम रंगमंचावर आला. त्याचे नाव अयोथी दास पंडितरांच्या 'जातिविहीन तमिळ' या संकल्पनेवरून घेतलेले आहे. तेच अयोथी दास, ज्यांनी १८९८ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी, बौद्ध धम्म स्वीकारला होता. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील 'गाना' हा गीतप्रकार, त्याला गिटार आणि रॅपची जोड. तमिळ येत नसूनही मुलांची पावले थिरकतात. याच वृंदातील अरिवू याचा ओफ्रोसह केलेला 'तेरुक्कुरल' हा २०१९ चा अल्बम आणि जालंधरच्या गिन्नी माही हिची गाणी आमच्या यादीत मुलांच्या आग्रहाने आली आणि आता आमच्या आग्रहाने राहिली आहेत.

अरिवूचे नाव निघाले म्हणून सांगतो. २०२१ साली त्याचे 'एन्जॉय एंजामी' जगभर गाजले. त्यातले शब्द त्याचे, त्यामागे श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या त्याच्या आजीची कहाणी, आणि दोन गायकांतील एक तो स्वतः. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका नामांकित संगीत नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर दुसरे दोन कलाकार झळकले; अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे विचारणा केल्यावर त्याचे स्वतंत्र मुखपृष्ठ निघाले. हे आजच्या काळात, सर्व नोंदी उपलब्ध असताना घडते. मग ज्या गीतकाराने १९८५ साली एका कॅसेटसाठी चार गीते लिहून दिली आणि जो पुन्हा आपल्या कामावर निघून गेला, त्याची काय कथा?

दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गला 'म्बुबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. अवघ्या दहा शिलिंगांत त्याचे हक्क गेले. तेच गाणे पुढे अमेरिकेत नव्या नावाने लोकप्रिय झाले, 'लायन किंग'मध्येही आले. लिंडा १९६२ साली गरिबीत वारला. त्याच्या मुलींना न्याय मिळण्यासाठी २००६ साल उजाडावे लागले. तोही मिळाला, कारण मूळ तबकडीवर त्याचे नाव होते. भारतीय कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार आणि संगीतकार यांना मानधनात वाटा राखून दिला, जो करारानेही सहजासहजी काढून घेता येत नाही. पण नावच नोंदलेले नसेल तर कायदा कुणाच्या दारी जाणार?

यावर आपल्यातीलच काही ज्येष्ठ एक आक्षेप घेतात, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. गाणे चळवळीचे, व्यक्तीचे नव्हे. अनात्मवादी बौद्धांनी नावाचा मोह का धरावा, असे ते म्हणतात. आम्हांला हे मान्य नाही. सुत्तांच्या आरंभी भगवान कोठे विहार करीत होते, कोणासमोर बोलले, याची नोंद काटेकोरपणे असते. थेरगाथेत आणि थेरीगाथेत जवळजवळ प्रत्येक गाथा ज्या थेराची वा थेरीची आहे, तिच्या नावाने जपलेली आहे. निर्माल्य झाडणारा सुनीत आणि पाणी वाहणारी दासी पुण्णिका ही नावे अडीच हजार वर्षांनंतर आपल्याला माहीत आहेत, ती संघाने पाठ करून ठेवली म्हणून. अनात्मवाद शिकवणाऱ्या संघाला एका सफाई कामगाराचे नाव गाळावेसे वाटले नाही. शिवाय 'गाणे सर्वांचे' हा न्याय आपल्याच गीतकारांना का लागू व्हावा? भीमवंदना सुरेश भटांची आहे हे आपण आवर्जून सांगतो, आणि ते योग्यच आहे. भटांची पुस्तके छापली गेली, समीक्षा झाली. ज्यांची पुस्तके निघाली नाहीत त्यांची नावे सांगण्याची गरज त्याहून अधिक आहे.

यासाठी पैसा लागत नाही, हे बरेच आहे. येथील कायद्यानुसार परवान्यावाचून वर्गणी गोळा करता येतही नाही. गाणी कुठेही चढवण्याचीही गरज नाही, त्यांवर इतरांचे हक्क आहेत. चढवायची आहे ती माहिती, आणि 'म्युझिकब्रेन्झ'सारखे खुले माहितीसाठे त्यासाठी सर्वांना उपलब्ध आहेत. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आपण गावी जातो तेव्हा माळ्यावरील कॅसेटच्या डब्या उघडाव्यात आणि आतल्या कागदाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. गावातील जुन्या गायनपार्टीत पेटी वा ढोलक वाजवणारे कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसावे, हे गीत कुणी बांधले ते विचारावे, आणि त्यांची संमती घेऊन उत्तर मुद्रित करावे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही, कारण ती माणसे सत्तरीपलीकडची आहेत. येत्या जयंतीच्या कार्यक्रमात निवेदकाने गायकाआधी गीतकाराचे नाव घ्यावे आणि निदान एक गाणे शेवटच्या अंतऱ्यापर्यंत पूर्ण म्हटले जावे, अशी विनंती आम्ही संयोजकांना करणार आहोत.

नोंदीचा तक्ता आम्ही तयार केला आहे. गीत, गीतकार, संगीतकार, गायक, साल, माहिती कोणाकडून मिळाली, असे सहा रकाने. सूचना एकच. गीतकाराचे नाव सापडले नाही तर तो रकाना कोरा ठेवावा. तेथे 'पारंपरिक' असे लिहू नये. लिहिणारा कदाचित अजून हयात असेल.