लग्नाचा प्रश्न कुणाच्या परीक्षेत?



गेल्या महिन्यात माहीमच्या बैठकीत बोईसरच्या कारखान्यांतल्या पाळ्यांविषयी बोलणं चाललं होतं. कोपऱ्यात गप्प बसलेली एक मुलगी मध्येच म्हणाली, "ताई, मला मुलाखतीत विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडणार का?" विड्याची पानं खुडणाऱ्या घरातली ही मुलगी संगणक इंजिनियर झाली आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या साऱ्या फेऱ्या पार करून ती शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली होती. सोबतच्या मुलांना हा प्रश्न नव्हता. ती "बघू" म्हणाली. निवड झाली नाही. त्या उत्तरामुळे की आणखी कशामुळे, हे तिला कुणी सांगितलं नाही.

मी चटकन म्हणून गेले, "नाही सोडणार, असं ठणकावून सांगायचं!" घरी येताना माझीच मला लाज वाटली. प्रश्न चुकीचा होता आणि मी तिचं उत्तर सुधारत बसले होते.

ही भरती गुणवत्तेवर होते, असं आपण ऐकतो. दहावी, बारावी, पदवी तिन्हींत साठ टक्के आणि शिक्षणात खंड नको, अशी अट पुष्कळ कंपन्या घालतात. मग गणित-तर्काची चाचणी, प्रोग्रॅम लिहिण्याची फेरी, तांत्रिक मुलाखत आणि शेवटी एचआर. नियम सगळ्यांना सारखे. पण आई आजारी पडली की वर्ष बुडतं ते बहुधा मुलीचंच. चाचणी घरून द्यायची तर कॅमेऱ्यासमोर एकटीनं बसायचं, मागून कुणी गेलं तरी संशय. दोन खोल्यांच्या घरात मुलीसाठी एक खोली दीड तास कोण रिकामी ठेवतं?

१९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असं छापलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरीही मिळाली. १९७६ च्या समान वेतन कायद्यानं भरतीत बाई म्हणून डावलायला मनाई केली. २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. आयुर्विमा महामंडळ नोकरीच्या वेळी बायकांकडून पाळीची, गरोदरपणाची माहिती लिहून घेत असे. ती खोटी दिली म्हणून काढलेल्या नीरा माथूर यांना १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकानेच गाळायला सांगितलं.

माणसांऐवजी यंत्रानं निवड केली तर? अर्ज चाळण्यासाठी ॲमेझॉननं बनवलेली प्रणाली जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवरून शिकली आणि 'विमेन्स' शब्द असलेल्या अर्जांना खालचे गुण देऊ लागली. २०१८ मध्ये हे बाहेर आलं. तोवर कंपनीनं ती गुंडाळली होती.

तेव्हा मागणी साधी आहे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारा आणि ते लेखी ठेवा. कॉलेजांनी प्रत्येक मुलाखतीनंतर मुलींना काय विचारलं ते नोंदवावं आणि कंपनीला जाब विचारावा. माहीमला आम्ही अशी एक वही सुरू केली आहे. पहिलं पान त्या मुलीनं लिहिलं.

तुमच्या गावातल्या मुलींना काय विचारतात? जरूर लिहून कळवा.