नखे कापा, पण ओरखडा लपवू नका

उन्हाळ्यातली दुपार. अमरावतीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुलरच्या गारव्यात सारे घर आडवे झालेले असते. घरचे मांजरही तिथेच पसरलेले. सातवी-आठवीतली मुलगी मोबाइलवर व्हिडिओ पाहते, घरातलेच नेलकटर घेते, मांजराला मांडीवर दाबून धरते आणि पहिले नख कापते. दुसऱ्या नखाला मांजर किंचाळते, पंजा मारते आणि पलंगाखाली पळते. मुलीच्या मनगटावर लांब ओरखडा उमटतो, रक्ताचे दोन थेंब येतात. आई रागावेल म्हणून मुलगी पूर्ण बाह्यांचा कुडता घालते. आईला कळलेच तर ती हळद भरते आणि वडिलांच्या कानावर जाऊ देत नाही. कारण ते मांजराला पोत्यात घालून बडनेऱ्याच्या पुढे सोडून येतील.

असे प्रसंग वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत घडत असतील. त्यात नखापेक्षा लपवाछपवी अधिक धोक्याची आहे.

मांजराला वाघाची मावशी म्हणतात, ते नखांच्या बाबतीत तर अगदी खरे. मेळघाटातला वाघ सागाच्या बुंध्यावर नखे ओढतो आणि मावशी सोफ्यावर किंवा कुलरच्या गवती जाळीवर ओढते. खोडी म्हणून ती हे करत नाही. मांजराच्या नखाला थरावर थर असतात. जुना थर ओरबाडून निघाला की आतले टोकदार नख बाहेर येते. पूर्वी मातीच्या घरात, धाब्यावर, झाडावर आणि धान्याच्या कोठीभोवती मांजर दिवसभर फिरायचे, नखे आपोआप झिजायची. आज ते गुळगुळीत टाइल्सवर राहते. नखे वाढतात, चादरीत अडकतात आणि म्हाताऱ्या मांजराचे अंगठ्याचे नख तर कधी वळून पंजाच्या गादीत रुततेसुद्धा. म्हणून घरी नखे कापणे ही क्रूरता नाही. माणसाच्याही सोयीचे आहे आणि मांजराच्याही.

मात्र कापायचे काय, हे ठाऊक हवे. मांजराला साधारणपणे १८ नखे असतात. पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येक पंजाला चार. बोट वरून-खालून हलके दाबले की आत दडलेले नख बाहेर येते. उजेडात धरले तर त्यात गुलाबी भाग दिसतो. ती नखाची जिव्हाळी. तिच्यात रक्तवाहिनी असते आणि मज्जातंतूही. तिला कात्री लागली की रक्त येते आणि मांजराला अतिशय दुखते. कापायचे ते फक्त पुढचे पांढरट, आकड्यासारखे टोक, एक-दोन मिलिमीटर. जिव्हाळी नीट दिसत नसेल तर आणखी कमी. कात्री धारदार हवी. बोथट नेलकटरने नख कापले न जाता चिरडते, आणि तो अनुभव मांजर विसरत नाही. चुकून रक्त आलेच तर तुरटीची पूड किंवा मक्याचे पीठ लावून दोन-तीन मिनिटे दाबून धरावे. थांबले नाही तर पशुवैद्यकाकडे न्यावे.

सगळी नखे एकाच बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. जेवून पेंगुळलेल्या मांजराची दोन नखे आज, दोन उद्या, असे केले तरी चालते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. शेपटी आपटू लागले, कान मागे पाडले की कात्री खाली ठेवावी. हे काम मोठ्या माणसाने करावे. मधुमेहाच्या, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने ते करूच नये. सोबत खरवडायला जागाही द्यावी. वऱ्हाडात बारदान्याला तोटा नाही. लाकडी खुंटाला तागाचे पोते घट्ट गुंडाळले की झाले, सोफा वाचतो.

काही लोक यापुढे जाऊन विचारतात, नखे मुळासकट काढता येत नाहीत का? मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढते. नख कायमचे काढायचे म्हणजे ते हाडच कापावे लागते. माणसाच्या दहाही बोटांची शेवटची पेरे तोडण्यासारखेच ते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये उपचाराची गरज वगळता या शस्त्रक्रियेवर बंदी घातली. सोफ्यासाठी बोटे तोडण्याचा विचार आपल्याकडेही कोणी करू नये.

आता मुख्य मुद्दा. नखे कापली म्हणजे घर सुरक्षित झाले, असा समज पसरतो आहे. तो खोटा आहे. कापलेल्या नखाने ओरखडा उथळ होतो, पण थांबत नाही. आणि ओरखड्यातून काय शिरेल, हे नखाच्या लांबीवर ठरत नाही.

पहिली भीती रेबीजची. आपल्याकडे हा आजार प्रामुख्याने कुत्र्यांमुळे पसरतो, पण पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले मांजरही पिसाळते. मांजर दिवसभर पंजे चाटते, त्यामुळे लाळ नखांवर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत रक्त न आलेला किरकोळ ओरखडा दुसऱ्या श्रेणीत येतो. त्याला जखम धुणे आणि लस हवी. त्वचा भेदून रक्त आले असेल तर ती तिसरी श्रेणी. तेथे लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणूनच हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण दोन मिनिटांतच बहुतेकांना पुरे झाले असे वाटते. मग सरकारी रुग्णालय गाठावे. लस तेथे मोफत मिळते. त्वचेत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतात. मांजर दहा दिवस ठणठणीत राहिले तर पुढचे डोस कसे, हे डॉक्टर ठरवतील. ‘दहा दिवस वाट पाहू आणि मग लस घेऊ’ हा मात्र जीवघेणा हिशेब आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन बाकी असेल तर तेही तेव्हाच घ्यावे.

दुसरा आजार फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. १९५० मध्ये पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर दब्रे यांनी त्याचे वर्णन केले. तो मांजराच्या ओरखड्याचा ताप. बार्टोनेला हेन्सेली नावाचा जिवाणू त्याला कारणीभूत. तो एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो पिसवांमार्फत. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखात अडकते आणि ओरखड्यातून माणसाच्या अंगात जाते. विशेषतः वर्षाच्या आतल्या पिलांकडून. ओरखड्याच्या जागी आधी पुटकुळी येते, एक ते तीन आठवड्यांत काखेत किंवा मानेत गाठ सुजते, थोडा ताप येतो. बहुतेक मुलांमध्ये हे काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत आपोआप बरे होते. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्यात मात्र ते गंभीर होऊ शकते.

इथे वऱ्हाडातली खरी अडचण सुरू होते. लेकराच्या मानेत गाठ दिसली की घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात पहिल्यांदा क्षयरोग येतो. ते योग्यच आहे. आपल्याकडे क्षयरोग भरपूर आहे आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी. पण ‘घरात मांजर आहे का? त्याने बोचकारले होते का?’ हे दोन प्रश्नही तेव्हाच विचारले पाहिजेत. आणि बोचकारल्याचे ज्या मुलीने पूर्ण बाह्यांच्या कुडत्याखाली झाकून ठेवले, ती या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणार. लपवलेला ओरखडा महिनाभराने असा गाठीच्या रूपाने घरी परततो, आणि मग तपासण्यांचे चक्र लांबते.

म्हणून नखे कापण्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि नंतर दरवर्षी. पिसवांचा बंदोबस्त. आणि ‘बोचकारले तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही आणि मांजराला कोणी सोडून येणार नाही’ हा घरातला करार. मांजर हाकलण्याची धमकी देणारा बाप खरे तर मुलाला जखम लपवायला शिकवतो. शिवाय सोडून दिलेले मांजर नाहीसे होत नाही. ते लशीविना, पिसवांसह दुसऱ्या वस्तीत जाते.

शासनानेही आपला वाटा उचलावा. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय कृती आराखड्याने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात मांजर जवळजवळ अदृश्य आहे. गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने गाय, बैल आणि शेळी यांच्यासाठी उभे राहिले. आजही बहुतेकांना तिथे मांजर न्यायला संकोच वाटतो. अकोल्यात पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोघांनी मिळून महिन्यातला एक दिवस ठरवला, एका बाजूला मांजराला लस आणि नखे कापण्याचे प्रात्यक्षिक, दुसऱ्या बाजूला घरच्यांना जखम धुण्याचे प्रशिक्षण, तर त्याला मोठा निधी लागणार नाही. अमरावतीतही हे जमण्यासारखे आहे. रेबीजच्या इंजेक्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ‘घरच्या जनावराला लस दिली का?’ हा प्रश्न विचारायला तर एक पैसाही लागत नाही.

मांजर पाळणाऱ्या घराने कात्री जरूर आणावी. पण ती ज्या कपाटात ठेवायची, तिथेच मांजराच्या लशीचे कार्डही असावे. आणि नखे कापायला बसण्याआधी नळाला पाणी आहे ना, साबण जागेवर आहे ना, हेही पाहून घ्यावे.