केसपेपरवर नसलेला रकाना

मुलीत आठव्या आणि मुलात नवव्या वर्षाआधी वयात येण्याची लक्षणे दिसली की ते अकाली, ही व्याख्या आपल्याला पाठ आहे. पण ती डोळ्यांना दिसते तेवढ्याचीच आहे. संदेश कुठून सुटला हे ती सांगत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतो. हायपोथॅलॅमसमधल्या किसपेप्टिन पेशी, त्यांच्या इशाऱ्यावर ठोक्याठोक्याने स्रवणारे जीएनआरएच, मग पिट्यूटरी आणि शेवटी अंडाशय, या साखळीतली एखादी कडी परस्परही सुरू होऊ शकते. मॅक्यून-अल्ब्राइट सिंड्रोममध्ये अंडाशयाच्या पेशींतले जीएस-अल्फा प्रथिन चालू स्थितीत अडकलेले असते. वरून एलएच येवो न येवो, इस्ट्रोजेन बनत राहते. अशा मुलीला सुरुवातीलाच ल्युप्रोलाइड टोचून काही साधत नाही, कारण ते जे बंद करते ते अजून चालूच झालेले नसते.

कोपनहेगनचा अभ्यास या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९९१ ते २००६ या काळात तिथे स्तनवाढ सुरू होण्याचे सरासरी वय १०.८८ वरून ९.८६ वर उतरले. पहिल्या पाळीचे मात्र १३.४२ वरून जेमतेम १३.१३ वर आले. एफएसएच आणि एलएच वाढलेले नव्हते, आठ ते दहा वर्षांच्या मुलींत इस्ट्रॅडिओल उलट कमीच होते. म्हणजे छातीतली गाठ लवकर आली म्हणून मेंदूतले घड्याळ पुढे गेले असे धरून चालता येत नाही. यावर आक्षेप येतो की उपचार न करता थांबलो तर मुलीची उंची जाते. खऱ्या केंद्रीय प्रकारात, विशेषतः सहा वर्षांच्या आतल्या मुलीत, तो रास्तच आहे. पण सकाळचा एलएच, हाडांचे वय आणि उंचीचा वेग पाहून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.

दुसरा आक्षेप, जनुकांकडे पाहण्यावरचा, अधिक वजनदार. लॉकडाउनमध्ये इटलीपासून पुण्यापर्यंत अकाली वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याच्या नोंदी आहेत. दोन वर्षांत जनुके बदलत नाहीत, मग त्यांचे काय घेऊन बसलात? बदलत नाहीत, हे खरे. पण वजन, झोप, ताण यांनाही अखेर त्याच किसपेप्टिन पेशींमार्फत बोलावे लागते. लेप्टिनचेच पाहा: त्याचे रिसेप्टर जीएनआरएच पेशींवर नाहीत. ते परवानगी देते, सुरुवात करत नाही. त्यामुळे 'लठ्ठपणामुळे' एवढे लिहून निदान पुरे होत नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा. जनुकीय चाचणी प्रत्येकीला परवडणार नाही, कबूल. पण एमकेआरएन३ने दिलेली शिकवण फुकट वापरता येते. हे जनुक किसपेप्टिनवरचा ब्रेक आहे; २०१३ साली केंद्रीय प्रकार असलेल्या पंधरापैकी पाच कुटुंबांत ते बिघडलेले आढळले. त्याची आईकडून आलेली प्रत मूकच असते, काम करते ती वडिलांकडची. डीएलके१चेही तसेच. म्हणून हा दोष आईमार्फत उतरला तर त्या पिढीत दिसत नाही, आणि मुलाच्या मुलांत अचानक उगवतो. आपण मात्र 'आईची पाळी कधी आली' एवढे विचारून रकाना भरतो. वडिलांचा आवाज कधी फुटला, त्यांची उंची शाळेत कधी थांबली, आत्यांना पाळी कितव्या वर्षी आली, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. वडील बहुधा बाहेर गाडी लावत असतात. त्यांना आत बोलवावे.