मांडव्याच्या रात्रीचा बंदोबस्त

हिवाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून दिवेलागणीला सुटलेली रो-रो बोट तासाभराने मांडव्याच्या जेटीजवळ येऊ लागली म्हणजे, ज्या किनाऱ्याची ओळख एके काळी माडांच्या काळ्या रेघेवरून, बोडणीच्या बाजूच्या होड्यांवरील चार कंदिलांवरून आणि दक्षिणेला ठराविक वेळाने उजळून मालवणाऱ्या खांदेरीच्या दीपगृहावरून पटत असे, तो किनारा आता पांढऱ्याशुभ्र झोतांच्या एका लांबलचक रांगेआड नाहीसा झालेला दिसतो. हे झोत धक्क्याचे नव्हेत, रस्त्याचे नव्हेत, की मासळीच्या बाजाराचेही नव्हेत. मांडवा, आवास, सासवणे, किहीम या पट्ट्यात गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या बंगल्यांच्या कुंपणांवर, गच्च्यांवर आणि माडांच्या खोडांवर ते बसविलेले आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे ज्या घरांच्या राखणीसाठी लावले आहेत त्या घरांत त्या रात्री कोणीही झोपलेले नसते. दिवा जितका प्रखर तितके घर सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झाली आहे की तिची खातरजमा करावी असे कोणाला वाटत नाही. आणि माझ्या मते ती समजूत, निदान ज्या रीतीने हे दिवे आज लावले जातात त्या रीतीपुरती, साफ चुकीची आहे.

त्यामागील भय मात्र खोटे नाही. मालक मुंबईत, घर समुद्रापलीकडे, शनिवार-रविवार सोडून बाकीचे पाच दिवस कुलूप, आणि पावसाळ्यात गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचा बंद झाल्या की कित्येक घरांना महिनेच्या महिने कुलूप. मागे उरतो तो एखादा माळी, त्याचे कुटुंब आणि एखादे कुत्रे. अशा घराच्या धन्याला रात्री आपल्या वाडीत उजेड असावा असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि गावात वर्षभर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनाही चोरीची बातमी कानी आली म्हणजे अंगणातला दिवा रात्रभर ठेवावासा वाटतोच. प्रश्न इतकाच की हा उजेड पडतो कोठे, आणि त्याने दिसते कोणाला.

हे पाहण्याची एक परीक्षा मी अनेकदा केली आहे आणि ती कोणालाही करता येईल. शेजारच्या एका बंगल्याच्या फाटकावर पुरुषभर उंचीहून थोडा वर, सरळ रस्त्याकडे तोंड केलेला असा एक झोत कैक महिने जळत असे. त्या फाटकासमोर उभे राहिले की दिव्यापलीकडचे काही म्हणून दिसत नसे. घराची ओसरी, विहिरीचा कठडा, कुंपणालगतची फणसाची सावली हे सारे एका काळ्या भिंतीत बुडून जाई. मग हात वर करून तळव्याने तेवढा दिवा डोळ्यांआड करावा, आणि काय आश्चर्य, ओसरी, कठडा आणि सावलीत कोणी उभे असल्यास तो माणूससुद्धा आपोआप प्रकट व्हावा! दिवा तोच, अंगण तेच. फरक इतकाच की झोत डोळ्यांत शिरायचा थांबला. प्रखर प्रकाशाच्या उगमाकडे दृष्टी जाताच डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि मंद उजेडात पाहण्याची जी शक्ती दृष्टिपटलातील पेशींना अंधारात वीस ते तीस मिनिटे राहिल्यावर पुरती प्राप्त होते ती क्षणार्धात नष्ट होते. म्हणजे रस्त्याने जाणारा शेजारी, गस्तीवर निघालेला पोलीस शिपाई आणि हाकेसरशी बाहेर आलेला माळी या तिघांचेही डोळे असा दिवा दिपवून टाकतो, आणि त्याच्या मागे जी गडद सावली निर्माण होते ती, ज्याला लपायचे आहे त्याला आयती मिळते. शिवाय ज्याला कुलूप तोडायचे आहे त्यालाही हात दिसावा लागतोच. निर्जन वाडीत त्याने हातातली विजेरी पेटविली असती तर निदान दुरून कोणाच्या नजरेस ती हलती दिसली असती, पण अंगण आधीच उजळलेले असल्यावर त्याला तिचीही गरज उरत नाही. आणि बंद बंगल्याचा जो दिवा दुपारी बारा वाजताही जळत राहतो, तो तर घरात कोणी नसल्याची वर्दी साऱ्या आळीला देत असतो.

याविषयी परदेशांत झालेले अभ्यास एकाच बाजूची साक्ष देत नाहीत, आणि जे माझ्या मताविरुद्ध जाते तेही सांगितलेच पाहिजे. न्यूयॉर्क शहरात २०१६ साली सरकारी वसाहतींच्या आवारांत मोठे दिवे उभारून जो प्रयोग झाला त्यात रात्रीच्या वेळी उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उलट, इंग्लंड व वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या हद्दीतील रस्त्यांवरचे दिवे मंद किंवा काही तास बंद केल्यामुळे गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळाला नाही. या दोहोंत मला विरोध वाटत नाही. न्यूयॉर्कच्या त्या आवारांत शेकडो कुटुंबे राहत होती, खिडक्या होत्या, येणारी-जाणारी माणसे होती. तेथे पडलेला उजेड कोणाच्या तरी डोळ्यांच्या कामी येत होता. किहीमच्या कुलूपबंद बंगल्याभोवती त्या उजेडात पाहणारे डोळे कोणाचे?

आपल्या पूर्वजांना हा विचार नवा नव्हता. देशावरच्या गावगाड्यात रात्रीची राखण रामोशी, महार, जागल्या यांच्याकडे असे, आणि पेशवाईतील व्यवस्थेचे जे वर्णन एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात करून ठेवले आहे त्यावरून स्पष्ट दिसते की चोरी झाल्यास चोराचा माग काढीत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविणे, आणि ते न साधल्यास नुकसान भरून देणे, ही जबाबदारी गावावर व त्याच्या राखणदारांवर असे. त्या व्यवस्थेत जातीच्या शिरावर लादलेली वेठ होती आणि ती गेली हे उत्तमच झाले. परंतु राखण म्हणजे जागा असलेला, वाटा ओळखणारा आणि जबाबदार धरला जाणारा माणूस, ही तीमधील समज खरी होती. आज त्याच कामासाठी ठेवलेल्या माळ्याला किती वेतन मिळते, त्याच्या खोलीला पुरेशी खिडकी आहे की नाही, रात्री काही संशयास्पद दिसले तर कोणाला इतला द्यायची हे त्याला कोणी सांगितले आहे काय, याची चौकशी दिव्यांच्या खरेदीपूर्वी झाली पाहिजे.

रायगडच्या किनाऱ्याला तर या प्रश्नाचे आणखी एक गंभीर अंग आहे. १९९३ साली मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठी आणलेली स्फोटके याच जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला उतरली. २००८ च्या नोव्हेंबरात मारेकरी समुद्रमार्गेच मुंबईत शिरले. आणि १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वराच्या किनाऱ्याला बंदुका असलेली एक निर्मनुष्य बोट लागली, तीही प्रथम स्थानिक लोकांच्याच दृष्टीस पडली. किनाऱ्याचा पहारा शेवटी सागरी पोलिसांच्या, सागर रक्षक दलातील तरुणांच्या आणि कोळी बांधवांच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. पुळणीवर उभे राहून काळ्या पाण्याकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी आणि बाजूला बंगल्यांचे झोत जळत असतील तर पाण्यावरची बिनदिव्याची होडी त्याला दिसावी कशी? आणि पहाटे खाडीत शिरणाऱ्या नाखव्याला, ज्याचे सारे शास्त्र लाल-हिरव्या दिव्यांवर, दीपगृहाच्या ठोक्यावर आणि किनाऱ्याच्या ओळखीच्या आकृतीवर उभे आहे, त्याला त्या झगमगाटात मार्ग सापडावा कसा? १८६७ पासून जळत असलेला खांदेरीचा दिवा ज्या दर्यावर्दींसाठी उभारला गेला, त्यांच्याच वाटेवर आपण धुके पसरीत आहोत.

कोकणात अंगणातल्या दिव्याचे दुसरे कारण म्हणजे सर्प. फुरसे आणि मण्यार यांचे भय येथे कोणी क्षुल्लक समजू नये. परंतु पांढऱ्या झोताभोवती किडे गोळा होतात, किड्यांसाठी बेडूक आणि पाली येतात, आणि त्यांच्या मागून कोण येते हे सांगायला नको. पाऊल टाकण्याच्या जागेवर उजेड पाडणारी हातातली विजेरी आणि पायांत बूट याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. ज्या किहीमला १९३० साली सलीम अलींनी सुगरणींच्या संसाराचा कसून अभ्यास केला, त्याच परिसरात आज मृगाच्या आधीच्या रात्री काजव्यांना आपले जोडीदार शोधण्यापुरता अंधार आपण ठेवणार की नाही, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. त्यांचा तर सारा संवादच प्रकाशाचा.

उपाय खर्चाचे नाहीत. दिव्याला वरून व बाजूंनी टोपण असावे आणि त्याचे तोंड जमिनीकडे असावे, म्हणजे पायरी, कडी आणि फाटक उजळेल, आणि दिव्याचा गोळा कोणाच्या डोळ्यांत शिरणार नाही. रंग निळसर पांढरा नसून पिवळसर असावा. रात्रभर जळण्याऐवजी हालचाल होताच लागणारा दिवा असावा, कारण एकाएकी लागलेला दिवा माळ्याला जागे करतो, शेजाऱ्याची मान वळवतो. सदैव जळणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. आणि थोडा जमाखर्चही मांडावा: शंभर वॉटचे आठ झोत रोज बारा तास जळले तर एका रात्रीत साडेनऊ युनिटांवर आणि वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार युनिट वीज खर्च होते. तेवढ्या पैशांत कितीतरी खालमुखी दिवे जेटीपासून कोळीवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, एस.टी.च्या थांब्यावर आणि ज्या वळणावर शेवटच्या बोटीने परतणारी मुलगी पावले भराभर उचलते त्या वळणावर लावता येतील. उजेडाची खरी गरज तेथे आहे. त्याची दरखास्त ग्रामसभेपुढे आणणे हे बंगलेवाल्यांचे आणि आमचे सामाईक कर्तव्य आहे.

असे करता येते याचा दाखला दूर नाही. पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ साली अंधाऱ्या आकाशाचे देशातील पहिले उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि त्यासाठी परिसरातील सिल्लारी, वाघोली यांसारख्या गावांतील रस्त्यांचे दिवे काढून न टाकता जमिनीकडे वळविण्यात आले. त्या गावांतील रस्ते आजही उजळलेले आहेत.

मांडवा ते किहीमच्या पट्ट्यात ज्यांचे घर आहे त्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, पुढच्या खेपेला रात्री आलात म्हणजे आधी फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहा, तळव्याने आपला दिवा झाका, आणि काय दिसते ते पाहा. दिव्याचे तोंड खाली वळवायला एक शिडी आणि एक पाना पुरतो.