तांबीचा धागा लागत नाहीं तेव्हां

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांनीं तांबी बसवून घेतली, त्यास दोन वर्षें झालीं. या खेपेस पाळी उरकल्यावर धागा चांचपून पाहिला, तों बोटास लागेना. यजमान म्हणतात, वर सरकला असेल, महिनाभर वाट पाहूं. घर मोठें, सासूबाई आणि जाऊबाई सदैव आसपास. विचारावें कोणाला, या विवंचनेंत त्या आहेत. अशा भगिनी पुष्कळ असतील, म्हणून उत्तर येथेंच देतों. आणि तें देतांना प्रथम हेंच सांगतों कीं, महिनाभर वाट पाहण्याचा सल्ला आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

तांबी गर्भाशयांत असते व तिचे दोन बारीक धागे गर्भाशयाच्या मुखांतून खालीं उतरतात. गर्भ राहूं न देण्याचें काम तांब्याचें, धाग्याचें नव्हे. धागा ही केवळ तांबी आंत असल्याची खूण, व पुढें ती काढतांना धरावयाची दोरी. तेव्हां खूण दिसेनाशी झाली म्हणजे तांबी गेलीच असें नव्हे. बहुधा धागे मुखाच्या आंत गुंडाळून बसलेले असतात. प्रसूतीच्या वेळींच तांबी बसविली असेल तर हें विशेष आढळतें. परंतु कधीं कधीं पाळीच्या स्रावाबरोबर ती नकळत पडूनही जाते. कधीं गर्भ राहून वाढत्या गर्भाशयाबरोबर धागे वर ओढले जातात. आणि क्वचित्, हजारांत सुमारें एखाद्या स्त्रीच्या बाबतींत, तांबी गर्भाशयाच्या भित्तीस छिद्र पाडून पोटांत शिरते. मूल अंगावर पीत असतां बसविल्यास हा धोका थोडा अधिक. यांपैकीं काय घडलें हें बोटास कळत नाहीं, यजमानांच्या तर्कास तर नाहींच.

म्हणून तपासणी होईपर्यंत निरोध वापरावा. मागील चार-पांच दिवसांत संबंध आला असल्यास डॉक्टरांकडे त्याच दिवशीं जावें, म्हणजे तातडीच्या गोळीचा विचार वेळेवर करतां येईल. डॉक्टर प्रथम लघवीची गर्भपरीक्षा करितात. मग उपकरणानें मुख पाहतात. बोटास न लागलेला धागा तेथें डोळ्यांस दिसणें ही नित्याची गोष्ट आहे. न दिसल्यास बारीक कुंचल्यानें तो खालीं आणून पाहतात, नाहींतर सोनोग्राफी करितात. गर्भाशयांत तांबी न दिसल्यास पोटाचा एक्स-रे अवश्य काढावा. 'पडली असेल' म्हणून गप्प बसूं नये, कारण पोटांत शिरलेली तांबी एक्स-रेंतच सांपडते व ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें काढतां येते. तांबी जागेवर असली तर केवळ धाग्यासाठीं ती काढण्याचें कारण नाहीं. ३८०-ए जातीची तांबी १० वर्षें काम देते, आणि मुदत भरल्यावर धाग्यावांचूनही डॉक्टर ती चिमट्यानें काढतात.

एका गोष्टीस मात्र घटकाभरही विलंब नको. पाळी चुकली, ओटीपोटांत एका बाजूस दुखूं लागलें, घेरी आली, अवेळीं रक्त दिसलें, तर रात्र असली तरी इस्पितळ गांठावें. तांबी असतां गर्भ सहसा राहत नाहीं. पण राहिलाच तर तो नळींत राहिलेला असण्याचा संभव मोठा, आणि नळी फुटल्यास जिवावर बेततें.

आतां घरांतील संकोचाविषयीं. सासूबाईंनीं स्वतः तांबी वापरली असणें अगदीं शक्य आहे. आजेसासूबाईंच्या काळांत, १९६५ सालीं, या देशांत लूप आला होता, आणि त्यालाही असेच धागे होते! तेव्हां त्यांना वाटतें तितकें हें अपरिचित नसेल. निदान जाऊबाईंना सोबत न्यावें. तांबी बसविल्याची तारीख व जात लिहिलेलें कार्ड कपाटांत असेल, तें बरोबर घ्यावें, आणि या आठवड्यांतच जाऊन यावें.