डब्यावर ‘पीठ’ लिहिलं म्हणून…

बचत गटांच्या कामात पूर्वी अर्ज म्हटला की झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि तहसील कचेरीबाहेर बसलेला अर्ज लिहून देणारा माणूस, एवढा पसारा असायचा. आता बायका फोनच करतात. ‘ताई, फोटो जेपीजीमध्ये पाहिजे म्हणतायत.’ ‘ताई, दाखला पीडीएफ करून मागितलाय.’ २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा तर आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात न लावलेल्या बायकांच्या तोंडी ‘अपलोड’ हा शब्द बसला. शब्द बसला हे चांगलंच. पण त्याच्या जोडीला एक ‘आयडिया’ही गल्लोगल्ली पसरली आहे. फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट खोडायचं आणि पाहिजे ते लिहायचं. वर्डची फाइल असेल तर शेवटी ‘डॉट पीडीएफ’ केलं, झाली पीडीएफ! कोणी शिकवलं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सेंटरवरचा मुलगा तसंच करतो.’

मैत्रिणींनो, आपल्या स्वयंपाकघरातलं सांगते. गव्हाच्या डब्यावर आपण ‘पीठ’ अशी चिठ्ठी चिकटवली, तर त्या गव्हाच्या पोळ्या लाटता येतील का? गहू गिरणीत न्यावा लागतो, दळून आणावा लागतो. फाइलचं अगदी तसंच आहे. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी तीन-चार अक्षरं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. ही चिठ्ठी जुन्या डॉसच्या काळापासूनची. तेव्हा फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि शेपटाला तीन, एवढीच जागा मिळायची. म्हणून तर जेपीईजीचं जेपीजी झालं. ही दोन नावं एकाच मालाची आहेत, तिथे चिठ्ठी बदलली तरी काही बिघडत नाही.

डब्यातला माल मात्र वेगळाच असतो. मी बी.ए. मराठी, कॉम्प्युटरशी माझा तसा संबंध नाही, पण भाचीने एकदा मला फाइलचं पोट उघडून दाखवलं. फाइल म्हणजे नुसत्या आकड्यांची लांबच लांब रांग. त्या रांगेची सुरुवात बघून आत काय आहे ते ओळखता येतं. खरी पीडीएफ असेल तर सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरं असतात. जेपीजी फोटो २५५ आणि २१६ या आकड्यांनी सुरू होतो. वर्डची २००७ पासूनची ‘डॉक्स’ फाइल ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनी सुरू होते. ही फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरं, झिप फाइल त्यांनी काढली. म्हणजे डॉक्स फाइल हे मुळात एक झिपचं गाठोडंच! तिच्या शेपटाला ‘झिप’ लिहिलं की ती उघडते आणि आतले कप्पे दिसतात. पण ती उघडते ती नाव बदलल्यामुळे नव्हे, ती आधीपासूनच झिप असते म्हणून. ‘पीडीएफ’ लिहिलं तर पीडीएफ वाचणारा प्रोग्राम सुरुवातीलाच ‘पी-के’ बघतो आणि हात वर करतो.

मग काही वेळा हा उपाय चालतो कसा? बायका मला हेच ऐकवतात, ‘अहो ताई, आमचा फोटो उघडला की!’ उघडतो, खरं आहे. पीएनजी फोटोला जेपीजी असं नाव दिलं तरी फोटो दाखवणारे बरेच प्रोग्राम चिठ्ठीकडे न बघता डब्यात डोकावतात आणि आहे तसा फोटो दाखवतात. बदललेलं काहीच नसतं, आपल्याला मात्र वाटतं काम झालं. पुढे अर्जाची वेबसाइट आतला माल तपासणारी निघाली की ‘इनव्हॅलिड फाइल’ म्हणून फोटो परत.

आणि परत आला तर नशीब समजा! आमच्या वस्तीतल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला एका केंद्रावर असाच शेपूट बदललेला कागद जोडला. त्या वेबसाइटने फक्त नाव बघितलं आणि तो घेतला. अर्ज ‘यशस्वी’ झाला, पैसे दिले, सगळे निर्धास्त. दीड महिन्याने निरोप आला की जोडलेला कागद उघडत नाही, अर्ज अपात्र. तोवर मुदत संपलेली. तिच्या आईने धुणी-भांड्याचे दोन खाडे करून ते सगळं केलं होतं. केंद्रवाल्याने खांदे उडवले. सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या वडिलांचं वाक्य, ‘तुम्हा बायकांना यातलं काही कळत नाही.’

मला हे वाक्य मुळीच मान्य नाही. गहू, रवा, मैदा, कणीक यातला फरक बोटांनी ओळखणाऱ्या बाईला फाइलचे प्रकार कळणार नाहीत? प्रशिक्षणवर्गात तिला फक्त ‘इथे क्लिक करा’ शिकवतात, आत काय होतं ते कुणी सांगतच नाही. नाव बदलल्याने आतलं बदलत नाही हे तर आपल्याइतकं कुणाला ठाऊक? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, म्हणून आदल्या दिवशीची मुलगी दुसऱ्या दिवशी वेगळी होते का! असो, तो विषय पुन्हा कधीतरी.

आता दळायचं कसं ते. मूळ फाइल ज्या प्रोग्राममध्ये उघडते त्यात ती उघडायची आणि ‘सेव्ह अॅज’ करायचं. तिथे नावाच्या खालच्या रकान्यात प्रकारांची यादी असते, तिच्यातून पीडीएफ निवडायचं. नुसतं नावात पीडीएफ टाइप करून थांबायचं नाही. मोबाइलवर ‘प्रिंट’ दाबलं की ‘सेव्ह अॅज पीडीएफ’ हा पर्याय मिळतो. फोटो असेल तर कॉम्प्युटरवरच्या ‘पेंट’मध्ये उघडून जेपीईजी प्रकारात सेव्ह करायचा. पुण्या-मुंबईच्या भाच्याने आयफोनवर काढलेला फोटो बहुतेक वेळा ‘एचईआयसी’ असतो, २०१७ पासून त्या फोनचा तोच प्रकार आहे. त्याला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’मधलं ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगावं, म्हणजे पुढचे फोटो जेपीजीच येतील. इंटरनेटवर फुकट दळून देणाऱ्या गिरण्याही खूप आहेत, पण आधार कार्ड किंवा बँकेचं पासबुक तिथे चढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपला कागद कुणाच्या हाती जातो ते आपल्याला दिसत नाही.

पिठाचा परत गहू होत नाही, तेही ध्यानात असू द्या. जेपीजी करताना फोटोतले बारकावे गाळले जातात. नंतर त्याची पीएनजी केली तरी गेलेलं परत येत नाही. म्हणून मूळ फोटो जपून ठेवावा.

मराठी टायपिंगचंही असंच. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’ला क आणि ‘के’ला काना अशी चित्रं लावलेली होती. गटाचा अहवाल त्यात टाइप केलेला, आणि कुणी नुसता फॉन्ट बदलून ‘मंगल’ केला, की ‘का’च्या जागी डी-के दिसायला लागतं. तिथेही युनिकोडमध्ये रूपांतर करूनच घ्यावं लागतं.

चिठ्ठीला काहीच किंमत नाही असं मात्र समजू नका. फाइल कुठल्या प्रोग्रामने उघडायची हे मोबाइल, कॉम्प्युटर तिच्यावरूनच ठरवतात. व्हॉट्सअॅपवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून आलेल्या फाइलचं शेपूट ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, ते फोनमध्ये शिरणारं अॅप आहे. त्यातून बँकेचे ओटीपी चोरून खाती रिकामी केली जातात. विंडोजमध्ये तर हे शेपूट मुळात लपवलेलंच असतं. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने याचाच फायदा घेतला. प्रेमपत्राची साधी टेक्स्ट फाइल वाटावी असं नाव आणि त्याच्या मागे दडलेलं दुसरं, खरं शेपूट!

अर्ज घेणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. फाइल चालत नसेल तर ती तिथल्या तिथे परत करा आणि का चालत नाही ते मराठीत सांगा. ‘इनव्हॅलिड’ हा एक शब्द लाल अक्षरात दाखवून काय उपयोग? ते होईपर्यंत आमच्या गटात आम्ही एक रीत पाडली आहे. केंद्रवाल्याने बनवलेली फाइल आधी आपल्या मोबाइलवर मागवायची, तिथे ती पीडीएफ म्हणून उघडते का बघायचं आणि मगच त्याला अर्जाला जोडायला सांगायचं. सुरुवातीला दोघा-तिघांनी कुरकुर केली. आता देतात.