संशय आणि सबब

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्या स्नेहसंमेलनांतही एक वाक्य हमखास कानी पडते : ‘शास्त्रज्ञांचेच अजून एकमत नाही.’ हे बोलणारे अशिक्षित नसतात. अभियंते असतात, डॉक्टर असतात. म्हणूनच या वाक्याची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

संशय घेणे हा गुन्हा नव्हे. कोणी थोर माणूस सांगतो एवढ्यावरून एखादी गोष्ट मान्य करू नये, हे संस्कार आपल्या घराघरांत आहेत. प्रश्न एवढाच, की संशय घेणारा पुढे काय करतो?

या संदर्भात अमेरिकेतील बर्कले येथील पदार्थवैज्ञानिक रिचर्ड म्युलर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. तापमानवाढीच्या नोंदींविषयी ते साशंक होते. शहरांतील उष्णतेमुळे आकडे फुगले असतील, मोजणीची केंद्रे सदोष असतील, सोयीच्या तेवढ्याच नोंदी निवडल्या गेल्या असतील, असे आक्षेप त्यांच्यासमोर होते. २०१० साली त्यांनी सहकाऱ्यांसह स्वतंत्र तपासणी आरंभिली. तिच्या निधीत तेलव्यवसायातील कोक घराण्याच्या प्रतिष्ठानाचाही वाटा होता. जगभरातील सुमारे ३९,००० केंद्रांच्या नोंदी तपासल्यावर तापमानवाढ खरी ठरली. २०१२ साली म्युलर यांनी जाहीर केले, की या वाढीस जवळजवळ सर्वस्वी मनुष्यच कारणीभूत आहे. प्रामाणिक संशय म्हणतात तो हा.

विज्ञानातही चुका होतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान पुरेशा पुराव्याविना छापले गेले. अभ्यासकांनी आक्षेप घेतले आणि जानेवारी २०१० मध्ये समितीस खेद व्यक्त करावा लागला. परंतु यावरून हिमनद्या वितळतच नाहीत, असा अर्थ निघत नाही. त्या वितळत आहेत. चूक होती ती मुदतीची.

अनिश्चितता आहे, हेही खरे. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान १.५ ते ४.५ अंशांनी वाढेल, असे अनुमान १९७९ साली अमेरिकेत ज्यूल चार्नी यांच्या अभ्यासगटाने मांडले. २०२१ च्या आंतरसरकारी अहवालात हीच संभाव्य मर्यादा २.५ ते ४ अंश अशी आली. वाद आहे तो किती वाढेल याविषयी. वाढणारच नाही, हे उत्तर या आकड्यांत तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. रुग्णाचा ताप उद्या किती चढेल हे डॉक्टर नेमके सांगू शकत नाहीत, म्हणून औषध थांबवावे काय?

दुसऱ्या जातीचा संशय मात्र बाजारात तयार होतो. धूम्रपानाचे दुष्परिणाम सिद्ध झाल्यानंतरही, संशय हेच आपले उत्पादन आहे, अशी नोंद एका अमेरिकी सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात आढळते. असा संशय पुरावा शोधत नाही. तो केवळ वेळ विकत घेतो.

त्या वेळेची किंमत कोण मोजतो? वातानुकूलित घरांत बसून वाद घालणारे आपण नव्हे. विदर्भात मे महिन्याच्या उन्हात रोजंदारीसाठी बाहेर पडणारा मजूर ती मोजतो. सावलीत बसावे तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त आजही त्या उन्हात आहेत, याचा विसर आपणांस पडू नये.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. यापुढे कोणी ‘एकमत नाही’ असे म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. त्यास शांतपणे विचारा : कोणता पुरावा मिळाला तर आपले मत बदलेल? म्युलर यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर होते. ज्याच्यापाशी ते नाही, त्याच्या शंकेस आम्ही संशय म्हणत नाही, सबब म्हणतो.